काजळीवरची रेघ

अनुसयाबाईने पदराची गाठ सोडली आणि तिच्यातली कवळी काढून डॉक्टर खेमराज बिसेन यांच्या टेबलावर ठेवली. वरची आणि खालची, दोन्ही. लालसर रबराची, चकचकीत, जवळजवळ न वापरलेली.

"हे दात मोठ्या शयरातून आनले होते, डाक्तरबाबू," ती म्हणाली. "दोन साल झाले. तोंड उघडला का खाली पडतेत. एकदा लग्नाच्या पंगतीत पडले, तवापासून हे पंगतीत बसत नाहीत."

'हे' म्हणजे तिचा नवरा, पुनाराम डोंगरवार. तो तिच्यामागे उभा होता. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, रुंद खांद्यांचा माणूस. दुपट्ट्याचं एक टोक त्याने नाकाखालून घेऊन खांद्यावर टाकलं होतं, धुळीतून चालताना घेतात तसं. पण दिवस भाद्रपदाचे होते. बाहेर चिखल होता, धूळ कुठेच नव्हती.

"काकाजी, बसा," खेमराज म्हणाला. "दुपट्टा काढा. मला पाहू द्या."

पुनारामने बायकोकडे पाहिलं, मग दुपट्टा काढला. गाल आत गेलेले होते आणि हनुवटी उजवीकडे सरकलेली. खेमराजने तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा ती आणखीच उजवीकडे गेली, जणू कोणी बाजूने ओढत होतं.

"काय झालं होतं?"

पुनाराम बोलला. जाड, ओला, एकात एक मिसळलेला आवाज आला. त्यातला एकही शब्द खेमराजला कळला नाही.

"ते म्हनतात का तलावावर लागला," अनुसयाबाईने लगेच सांगितलं.

हे १९३८ साल होतं. खेमराज तिरोड्याकडच्या एका पोवार शेतकऱ्याचा मुलगा. कलकत्त्याला दातांचं शिक्षण घेऊन त्याने गोंदियात स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्यांत दवाखाना घातला, त्याला दोन वर्षं झाली होती. येणारे बहुतेक दात उपटून घ्यायला येत आणि उपटला की परत तोंड दाखवत नसत. पायाने चालवायचं कोरण्याचं यंत्र, कवळीचं रबर शिजवायचं भांडं, आणि कलकत्त्याहून आणलेला पितळेचा जबडा, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन चौकटी, हे सगळं त्याने हौसेने मांडून ठेवलं होतं. ते वापरायची वेळ क्वचितच यायची. म्हणून ही जोडी आली तेव्हा त्याला मनातून आनंदच झाला. हे काम आपल्याला जमेल, असं त्याला वाटलं.

अनुसयाबाईने सगळी हकीकत सांगितली. अर्जुनीपासून दोन कोसांवर चिचबोडी नावाचं त्यांचं गाव. ते कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीचे. गावचा तलाव पुनारामच्या पणजोबाने बांधलेला. तलावाचं पाणी सोडायची दगडी वाट असते, तिला तुडूम म्हणतात. तिची भोकं लाकडी खुंट्यांनी बंद करायची. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तलाव काठोकाठ भरला असताना पुनाराम लांब बल्लीने खुंटी दाबत होता. पाण्याच्या जोराने बल्ली उलटी फिरली आणि डाव्या जबड्यावर बसली. दात तुटले. गावच्या वैदूने जबडा फडक्याने बांधला, दीड महिन्याने सोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. उरलेले दात हलायला लागले, ते एकेक करून काढावे लागले.

"आता काय खातात?"

"पेज. अंबील. भात चुरून." तिने कवळी त्याच्यापुढे सरकवली. "तुमी दात बसवून द्या. मी घरी सगळी तयारी करून आली. मोठ्या बहिणीकडे राहतो आमी इथं, पंधरा दिवस लागले तरी चालते. धानाचा रोवना झाला, शेतात काम नाही आता."

खेमराजने माप घेतलं, प्लास्टरचे साचे ओतले, वर-खाली मेणाचे कठडे केले. मग त्याने पुनारामची हनुवटी दोन बोटांनी धरून मध्यावर आणली आणि म्हणाला, "आता चावा." मेणावर चावा उमटला. त्याप्रमाणे मेणात दात लावून तिसऱ्या दिवशी त्याने तोंडात बसवून पाहिले. आरशात चेहरा सरळ दिसत होता. अनुसयाबाईच्या तोंडून "माय वो!" निघालं. पण पुनारामने स्वतःहून तोंड उघडलं आणि मिटलं, तेव्हा दातांवर दात न येता कडेला घसरले. वरचा कठडा सुटून जिभेवर पडला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

खेमराज त्या दिवशी जेवायचं विसरला. शहरातल्या डॉक्टरने जी चूक केली तीच आपण करतो आहोत, हे त्याला संध्याकाळपर्यंत उमगलं. दोघांनीही हनुवटी हाताने धरून जिथे असायला हवी तिथे आणली होती. हात सोडला की जबडा आपल्या वाटेने जात होता. ती वाट कुठून कुठे जाते, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

कलकत्त्याला त्याला एक पद्धत शिकवली होती. खालच्या कठड्यावर पत्र्याची सपाट चकती बसवायची आणि ती चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळीने काळी करायची. वरच्या कठड्यात मध्यभागी बारीक टोक बसवायचं. रोग्याने जबडा पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकवला की टोक काजळीवर रेघ ओढतं. निरोगी माणसाची रेघ बाणाच्या टोकासारखी येते, दोन्ही पंख सारखे. जिथे पंख मिळतात तिथे जबडा खऱ्या अर्थाने विसावतो, आणि दात त्या जागेवर जुळवायचे.

पुनारामची रेघ तशी आली नाही. एक पंख लांब, दुसरा अर्ध्यात तुटलेला, आणि टोक मध्यापासून गव्हाच्या दाण्याएवढं बाजूला. खेमराजला वाटलं, रोग्याला नीट कळलं नसेल. त्याने काजळी पुसून पुन्हा धरली. तीच रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी, मग दुपारी, मग तिसऱ्या दिवशी. पाच चकत्या त्याने खिडकीत ओळीने मांडल्या. पाचही एकसारख्या.

"काकाजी, तुमचा जबडा वाकडा आहे, पण पक्का आहे," तो म्हणाला. "रोज त्याच जागी येतो. मीच त्याला दुसरीकडे ढकलत होतो."

पुनारामच्या डोळ्यांत पहिल्यांदा थोडं हसू दिसलं.

इथेच थांबून दात बसवले असते तरी चाललं असतं. पण खेमराजला बोलण्याची काळजी होती. कवळी चावताना टिकेल, पण हा माणूस बोलू लागला की? बोलताना जबडा किती उघडतो, कुठे थांबतो, हे कळायला हवं. त्याने एक खटाटोप केला. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गुलाबचंद नावाच्या कापड दुकानदाराकडे एक बिघडलेला ग्रामोफोन होता. आवाज येत नसे, पण चावी दिली की तबकडी फिरायची. खेमराजने तिच्यावर एक गोल डबा ठेवला, डब्याभोवती काजळी धरलेला कागद गुंडाळला. मग पुनारामच्या हनुवटीला चिकटपट्टीने झाडूची एक लांब काडी लावली. काडीचं टोक कागदाला टेकलं. डबा फिरायचा, पुनाराम बोलायचा, आणि हनुवटी जशी खाली-वर होईल तशी काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटायची.

आधी सुटे शब्द घेतले. पाणी, बैल, धान, माय, हो, नाही, पुरे, घर. पुनाराम एकेक शब्द सावकाश म्हणायचा. प्रत्येक शब्दाची रेघ वेगळी येत होती. 'बैल' म्हणताना सुरुवातीला ओठ मिटायचे तेव्हा रेघ क्षणभर वर सपाट राहायची, मग खाली जायची. 'धान' एकदम खोल जायचं. खेमराजने प्रत्येक रेघेखाली शब्द लिहिला, कागदावर लाखेचं पातळ पाणी फिरवलं आणि पट्टी भिंतीला लावली. अनुसयाबाई बाकावर बसून हे सगळं कौतुकाने पाहत होती.

मग त्याने साधं बोलणं घ्यायचं ठरवलं.

"काकाजी, दुखतंय का?"

पुनाराम बोलला. अनुसयाबाई म्हणाली, "नाही म्हनतात. करा म्हनतात."

"मेण कुठे टोचतंय?"

पुनाराम बोलला. "उजव्या बाजूले थोडा," अनुसयाबाई म्हणाली.

"उद्या सकाळी लवकर याल?"

पुनाराम बोलला. "येतो म्हनतात."

ते दोघे गेल्यावर खेमराजने कागद सोडवला. तीन प्रश्न, तीन उत्तरं. पण कागदावर एकच रेघ तीनदा होती. सुरुवातीला सपाट, मग दोन लहान उतार. सपाट, दोन लहान उतार. पुन्हा तेच. त्याने भिंतीवरच्या पट्टीशी ती ताडून पाहिली. 'नाही'शी जुळत नव्हती, 'हो'शी जुळत नव्हती. 'पुरे'शी जुळत होती.

माणूस तीनदा 'पुरे' म्हणाला होता, आणि बायकोने तिन्ही वेळा दुसरंच सांगितलं होतं.

खेमराजने तो कागद गुंडाळून खणात ठेवला. आपण दात बसवायला बसलो आहोत, नवरा-बायकोच्या मधे पडायला नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. पण ज्या माणसाच्या तोंडात आपण रोज हात घालतो, त्याला ते नको असेल तर?

दुसऱ्या दिवशी तो अनुसयाबाईला म्हणाला, "काकू, आज तुम्ही बाहेर बसा. मला एकट्या काकाजींशी काम आहे."

"यायचं बोलनं तुमाले समजनार नाही."

"समजेल. नाही समजलं तर बोलावतो."

ती उठली, पण दारापर्यंत जायला तिला वेळ लागला.

खेमराज पुनारामसमोर स्टुलावर बसला. "मी विचारतो, तुम्ही बोट दाखवा. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन. काल तुम्ही 'पुरे' म्हणालात?"

पुनाराम दचकला. मग एक बोट.

"दुखतं म्हणून?"

दोन बोटं.

"माझ्यावर भरवसा नाही?"

दोन.

"कवळी नको आहे तुम्हाला?"

पुनारामने हात खाली घेतला. मग तो स्वतःच बोलायला लागला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. इतके दिवस त्याच हनुवटीची उघडझाप मोजत बसलेल्या खेमराजला आता त्यातले शब्द ओळखू येऊ लागले होते. एखादा निसटला की तो म्हणायचा, "पुन्हा." पुनाराम पुन्हा म्हणायचा. अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात खेमराजला जे समजलं ते असं.

आश्विनात धान पोटरीवर आलं, कणीस धरू लागलं की तलावाचं पाणी सोडतात. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी, कोणाच्या नंतर, ते पुनाराम ठरवायचा, जसं त्याचा बाप ठरवत असे. त्याचा शब्द गाव मानायचं. पण तो शब्द कडक होता. पाळीच्या कामाला, म्हणजे उन्हाळ्यात तलावाचा बांध, पाळ, दुरुस्त करायला जो आला नाही त्याला शेवटी पाणी, मग तो आजारी असो की मेलेला. गावात नंदाबाई नावाची विधवा होती. तिचा नवरा गेला त्या उन्हाळ्यात तिच्या घरून कोणी कामाला आलं नव्हतं. पुनारामने तिची बांधी कोरडी ठेवली होती. धान उभं वाळलं.

जबडा मोडल्यावर पहिल्या आश्विनात तो पाळीवर बसला, तेव्हा त्याचं बोलणं कोणालाच समजेना. अनुसयाबाई मागे बसून सांगायला लागली. तो म्हणाला, नंदाबाईला शेवटी. अनुसयाबाईने सांगितलं, नंदाबाईला दुसरी पाळी. त्याने रागाने काठी जमिनीवर आपटली. लोक म्हणाले, पुनारामने ठासून सांगितलं. झालं. पाणी सुटलं.

त्या साली घरी आल्यावर तो तिच्याकडे पाठ करून बसला. पुढच्या साली त्याने काठी आपटली नाही. तिसऱ्या साली तो काही बोललाच नाही, नुसते ओठ हलवले, आणि ती काय सांगते ते ऐकत राहिला. तिने सांगितलं ते त्याला सुचलं नसतं. गाव म्हणत होतं, मार लागल्यापासून पुनाराम माणसात आला. त्याने तेही गिळलं.

या तीन वर्षांत त्या गोष्टीवर दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"म्हणून पुरे?" खेमराजने विचारलं. "तुमचं बोलणं परत आलं, तर काकूंना कोणी विचारणार नाही म्हणून?"

पुनारामने एक बोट वर केलं. मग हळूच नकारार्थी डोकंही हलवलं, जणू तेवढंच कारण नव्हतं. आणि तो जे बोलला ते खेमराजला पहिल्याच वेळी समजलं. "मी पुन्हा तसाच होईन."

दाराशी हालचाल झाली. अनुसयाबाई उंबरठ्यावर उभी होती. ती कधीपासून तिथे होती ते खेमराजला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून सगळं ऐकलं असावं असं दिसत होतं. ती आत आली आणि नवऱ्याशी न बोलता डॉक्टरलाच म्हणाली,

"मले वाटला हे मले माफ करनार नाहीत कधी. म्हनून बोलली नाही."

"काकू, तुम्हाला माहीत होतं," खेमराज म्हणाला, "हे बोलायला लागले की सगळं उघडं होणार. तरी तुम्ही यांना इथे आणलं. कशाला?"

ती खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "घरी जेवाले बसले का हे भिंतीकडे तोंड करतेत. सुना-नातवांनी पाहू नये म्हनून. तीन साल झाले, म्या यायले जेवताना पाहिला नाही." तिने बोटाचा पदर सोडला. "पानी कोनी वाटो. मले त्याचं काही नाही."

पुनाराम काही बोलला. दोन-तीन शब्द. खेमराजने सवयीने अनुसयाबाईकडे पाहिलं.

तिने मान हलवली. "नाही बापा. मी नाही सांगत आता. तुमीच समजून घ्या."

खेमराज पुनारामकडे वळला. "पुन्हा म्हणा, काकाजी."

पुनारामने पुन्हा म्हटलं. "करा. दात करा."

मग खेमराजने जबडा जिथे जात होता तिथेच दात लावले. साचे पितळी जबड्यात बसवून, काजळीवरच्या रेघेप्रमाणे ते सरकवत, एकेक दाढ घासून. खालच्या दातांची मधली फट वरच्या फटीसमोर आली नाही, अर्धा दात बाजूला राहिली. आरशात हे दिसणार होतं. कलकत्त्याच्या परीक्षेत असं काम केलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं. तरी त्याने रबर शिजवायला टाकलं आणि झाकण लावलं.

कवळी बसवली त्या दिवशी अनुसयाबाईने फडक्यात बांधून तांदळाची भाकर आणि अंबाडीची भाजी आणली होती. पुनारामने तुकडा तोडला. सवयीने त्याचं तोंड भिंतीकडे वळलं. मग तो थांबला आणि परत फिरला. पहिला घास नुसताच तोंडात इकडून तिकडे गेला. दुसऱ्या घासाला दाढेवर दाढ बसली. तो चावत होता, हनुवटी उजवीकडून चंद्राच्या कोरीसारखी फिरत होती, आणि कवळी जागची हलत नव्हती. त्याने अख्खी भाकर संपवली.

पाणी पिऊन तो म्हणाला, "मीठ कमी हाय भाजीत."

शब्द जड होते, 'भ' फुसका निघाला, पण खेमराजलाही समजले. अनुसयाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. हसता हसता रडायला लागली, आणि मग स्वतःवरच चिडून म्हणाली, "तीन सालांनी तोंड उघडला अन् पहिल्यांदा हेच का?"

नवी कवळी पहिल्या महिन्यात कुठेतरी हिरडीला लागतेच. म्हणून आश्विनात खेमराज स्वतःच छोट्या रुळांच्या आगगाडीने अर्जुनीला उतरला. पुनारामचा मुलगा उदाराम बैलांचं खाचर घेऊन आला होता. चिचबोडीला पोहोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, आणि तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली गाव जमलं होतं. तो पाणीवाटपाचाच दिवस होता. खेमराज माणसांच्या मागे एका दगडावर बसला.

पुनाराम मधे बसला होता. दुपट्टा खांद्यावर. अनुसयाबाई नेहमीच्या जागी, त्याच्या मागे.

बकाराम नावाचा म्हातारा म्हणाला, "सांग गा पुनाराम. आता तुया तोंडानं आयकू."

पुनाराम उठून उभा राहिला. "आयका," तो म्हणाला. "तीन साल तुमी जे आयकले, ते माह्ये शब्द नोहोत. हिचे होते. मी येक सांगत होतो, ही दुसरा सांगत होती. मले आता बोलता येते, म्हनून सांगून राहिलो. पानी हिनं वाटला. बराबर वाटला. अवंदाही हीच सांगन."

मग एकच गलका झाला. सर्वात मोठा आवाज श्यामलालचा होता. त्याची बांधी वरच्या अंगाला, तुडुमाजवळ, आणि आधी नेहमी त्याला पहिली पाळी मिळत असे.

"म्हंजे तीन साल माह्या बांधीचा पानी बाईनं दुसऱ्याले देला? अन् आमी पुनारामचा शब्द म्हनून गप बसलो? हा फसवना झाला!"

"धान नाही झाला का तुया?" बकारामने विचारलं.

"झाला, पन..."

"मंग?"

"मंग काय मंग! इचारला तर पाहिजे होता!"

नंदाबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. ती पुढे येऊन अनुसयाबाईच्या शेजारी बसली. पण अनुसयाबाई तिथे थांबलीच नाही. ती ताडकन उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि कोणाकडे न पाहता पाळ उतरून घराकडे चालू लागली.

पुनाराम तिच्यामागे निघाला. खेमराजही.

घराच्या अंगणात ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली होती. सूप जरा जास्तच जोरात चाललं होतं.

"काय झाला वो?" पुनाराम म्हणाला. "मी तर तुयाच गुन सांगतला."

"मले इचारला का?" सूप थांबलं. "तीन साल मी तुमच्या नावानं बोलली, तुमाले न इचारता. चुकली. आता तुमी माह्या नावानं बोलले, मले न इचारता. फरक काय पडला? साऱ्या गावासमोर मले उभी केली!"

पुनारामच्या नव्या दातांचा हलका आवाज झाला. खेमराजला तिथून जावंसं वाटत होतं, पण जायला दुसरी वाट नव्हती.

"चुकला माह्या," शेवटी पुनाराम म्हणाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नसावं, कारण ती त्याच्याकडे पाहतच राहिली.

तेवढ्यात बकाराम चार माणसं घेऊन अंगणात आला. श्यामलालही होता, मागे, हाताची घडी घालून. "अनुसया," बकाराम म्हणाला, "पानी तर सोडावाच लागन. धान तहानला. सांग."

तिने त्यांना उभंच ठेवलं. पसाभर तांदूळ पाखडून झाले, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. "खालच्या बांध्या आंधी," ती म्हणाली. "तिकडचा धान आंधी पोटरीवर आला. मंग मधल्या. श्यामलालभाऊ शेवटी."

"बस, आयकला का!" श्यामलाल म्हणाला.

"नाही," पुनाराम मधेच बोलला. सगळे वळले. "श्यामलालची बांधी उचावर हाय. अवंदा तलाव कमी भरला, अर्धा उतरला का तिथं पानी चढतच नाही. त्याले आंधी द्यावाच लागन. मग तो मानूस बरा असो का वाईट."

"बरा का वाईट, हे मी कवा म्हनली?" अनुसयाबाई उसळली.

"मंग शेवटी काऊन?"

"कारन त्यायची बांधी खोल हाय, पानी धरते!"

"धरते, पन चढन तवा ना!"

दोघं भांडायला लागली. मोठ्याने, बोटं नाचवत, माणसांना विसरून. पुनारामचे शब्द अडखळत होते, 'फ' आणि 'भ' फुसके जात होते, पण तो थांबत नव्हता आणि तीही थांबत नव्हती. श्यामलाल हाताची घडी सोडून ऐकायला लागला होता. शेवटी अनुसयाबाईने मान्य केलं की चढाची गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. श्यामलालला पहिला दिवस, पण एकच दिवस. मग खालच्या बांध्या, त्यात नंदाबाईची. उन्हाळ्यात पाळीच्या कामाला न येणाऱ्याचं काय, यावर ते पुन्हा अडले, आणि तेवढ्यापुरतं ते पुढच्या साली ठरवायचं असं ठरलं.

दुपारी जेवणं झाल्यावर खेमराजने अंगणात उजेडात बसून पुनारामची हिरडी पाहिली. उजवीकडे तांबूस ठिपका होता. त्याने कवळीचा तेवढा भाग घासला. अनुसयाबाई जवळ बसून पाहत होती. ती अजून नवऱ्याशी बोलत नव्हती. ते पुढे दोन दिवस तसंच चाललं, असं उदारामने नंतर सांगितलं.

खेमराजने पुढच्या नऊ वर्षांत पुनारामच्या कवळीखालचं रबर दोनदा बदललं, कारण हिरड्या झिजतात. रेघ मात्र प्रत्येक वेळी नव्याने काढली. आणि पुनाराम आला की तो चिचबोडीच्या पाण्याची खबर विचारायचा.

"अवंदा किती दिवस लागले?" त्याने एकदा विचारलं.

"पाच," पुनाराम म्हणाला.

"पाणी सोडायला?"

"नाही गा. पाळी ठरवाले. माह्या बापाच्या वक्ती अर्ध्या घंट्यात होत होता." तो खुर्चीत मागे रेलला आणि तोंड उघडायच्या आधी म्हणाला, "लोक आता घरून भाकर बांधून आनतेत."